रसद नसलेलं युद्ध : संगणकावरच्या एका खेळाची समीक्षा



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस संगणकावरच्या लढाईच्या खेळावर का बोलतोय, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. उत्तर साधं आहे. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर होतेच होते. पण आपल्या घरातली मुलं ज्या गोष्टीपुढे रात्रीचे तीन तीन तास बसतात, तिची समीक्षा मराठीत जवळपास होत नाही. आपण एक तर ‘वाईट सवय’ म्हणून मोकळे होतो, नाही तर ‘खेळू द्या हो’ म्हणून मोकळे होतो. दोन्हीत विचार करायचं टळतं.

मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव ‘एम्पायर : टोटल वॉर’. इंग्लंडमधल्या ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या कंपनीने तो २००९ मध्ये आणला. खेळ जुना आहे, पण आपल्याला त्याचं महत्त्व वेगळं आहे. त्यात मराठे आहेत, आणि नुसते पार्श्वभूमीला नाहीत. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या पंक्तीत मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं. मोहीम सुरू होते १७०० साली. एक पाळी म्हणजे अर्धं वर्ष, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. नकाशावर सैन्य हलवायचं, कर वसूल करायचा, तह करायचे, आणि लढाई आली की प्रत्यक्ष रणात उतरून पलटणी मांडायच्या. जगभरच्या खेळाडूंना ‘मराठा’ हा शब्द ज्यांनी पोचवला, त्यांत या खेळाचा वाटा आहे. त्याबद्दल आभार मानून मग टीका करू.

आधी खेळाची समीक्षा कशी करायची ते ठरवू. कादंबरीत लेखक वाक्यांतून बोलतो. खेळ करणारा नियमांतून बोलतो. काय मोजायचं आणि काय मोजायचं नाही, हे ठरवलं की जगाबद्दल एक विधान केलंच. एखाद्या खेळात घोड्याला वेग आहे पण चारा लागत नाही, तर तो खेळ म्हणतो की घोडा चाऱ्याशिवाय चालतो. करणाऱ्याला तसं म्हणायचं असो वा नसो, खेळणाऱ्याचा हात तेच शिकतो.

आता आपल्याकडची एक जुनी चर्चा सांगतो. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानलं. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? डोळ्यांना जमीन दिसते, ‘नसणं’ कसं दिसेल? ते म्हणाले, जे असतं तर दिसलं असतं आणि दिसत नाही, त्या न दिसण्यातूनच अभावाचं ज्ञान होतं. नैयायिकांनी वेगळं प्रमाण मानलं नाही, पण अभाव हा पदार्थ मानला. वाद राहू द्या. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे, तिची दखल घ्यावी लागते. युद्धात तर ‘नसणं’ फार काम करतं. दाणा नसणं, वैरण नसणं, पाणी नसणं. कोणत्याही युद्धखेळाची परीक्षा मी इथे करतो : जे नाही, त्याला या खेळात काही करता येतं का?

‘एम्पायर’मध्ये सैन्याला दर पाळीला खर्च लागतो. तो खजिन्यातून वळता होतो. पलटणीतली माणसं कमी झाली की आपल्या मुलखात पैसे भरून ती पुन्हा भरून घेता येतात. बस. सैन्य कुठे उभं आहे, तिथपर्यंत बैल पोचतात का, भोवती पीक उभं आहे की जळालेलं, हा प्रश्न नाही. खेळाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. शेती, बंदरं, कारखाने शहराच्या तटाबाहेर ठेवले आहेत, शत्रू येऊन ते बंद पाडू शकतो. ही कल्पना चांगली आहे. पण त्याने मरतो खजिना. पोट मरत नाही. मुलूख उजाड झाला तरी दूरचं सैन्य उपाशी राहत नाही, कारण या जगात पैसा म्हणजेच धान्य.

पैसा म्हणजे धान्य नव्हे, हे आपण सोडून दुसऱ्या कोणाला सांगायचं? ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली. हाती पैसा नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य मिळालं. इथवर हिशोब खेळासारखाच चालला : पैसा कमी, मिळवला, कोठार दिसलं, घेतलं. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला आणि सैन्य व दिल्ली यांच्यामध्ये उभा राहिला. नोव्हेंबरपासून पानिपतला दोन छावण्या समोरासमोर. सुरुवातीला टंचाई अब्दालीकडेही होती. अंतर्वेदीतून त्याची रसद तोडायचं काम गोविंदपंत बुंदेले करत होते. डिसेंबरात ते मारले गेले, आणि पारडं फिरलं. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन येणारी एक तुकडी अंधारात वाट चुकली आणि थेट अफगाण छावणीत शिरली. आता विचार करा, तो खजिना सुखरूप पोचला असता तरी काय विकत घेतलं असतं? बाजारात दाणाच नसेल तर रुपया चावता येत नाही. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी सैन्य रणात उतरलं ते लढाईची वेळ साधली म्हणून नव्हे, तर थांबायला अन्न उरलं नव्हतं म्हणून.

माझा नातू हा खेळ खेळतो, मीही त्याच्याबरोबर बसून मोहिमा खेळलो आहे. त्याला मी विचारलं, ‘यात पानिपत करून दाखव.’ त्याने दोन सैन्यं समोरासमोर आणली, तोफा मांडल्या, आणि जिंकला. मी म्हटलं, ‘अरे, हे पानिपत नाही. आधी अडीच महिने थांब.’ तो म्हणाला, ‘आबा, थांबून काही होतच नाही यात.’ (हशा) माझ्या सगळ्या टीकेचं सार त्या पोराने एका वाक्यात सांगितलं.

‘थांबून काही होत नाही.’ आता बचावाकडे वळू, कारण बचाव म्हणजे मुळात थांबण्याची कला आहे. या खेळाच्या लढाईत घड्याळ असतं. वेळ संपली आणि बचाव करणारा उभा असला तर तो जिंकला. म्हणजे काळ नेहमी बचावाच्या बाजूने. त्यामुळे खेळाडू काय शिकतो? उंचवटा धरा, तोफा पुढे, बंदुकवाले आडोशाला, घोडदळ मागे राखून ठेवा, शत्रूला चढून येऊ द्या. लढाईपुरतं हे चूक नाही. शहराला वेढा पडला तर किती पाळ्या तग धरेल याचा आकडाही दिसतो. पण कोठारात किती खंडी आहे, खाणारी तोंडं किती, टाक्यात पाणी किती, हा हिशोब खेळाडूला करावा लागत नाही. आकडा वरून येतो, देवाच्या आज्ञेसारखा.

गंमत अशी की खेळ सुरू होतो त्याच १७०० साली खरं काय चाललं होतं ते बघा. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये अजिंक्यतारा गेला, जूनमध्ये परळी. पुढच्या वर्षी पन्हाळा, मग विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. खेळाच्या हिशोबाने मराठे संपले. पाच वर्षांत सगळे मोठे किल्ले गेले म्हणजे मोहीम हरली, नवीन सुरू करा. प्रत्यक्षात १७०७ साली अहमदनगरला कोण संपलं, ते आपल्याला ठाऊक आहे. मग या दोन हिशोबांत चूक कोणाची?

महाराणी ताराबाई आणि त्यांच्या सरदारांचा बचाव भिंतीवर उभा नव्हता. किल्ला हे त्यांच्या हातातलं घड्याळ होतं. बादशहाची छावणी म्हणजे चालतं शहर. लाखो माणसं, हत्ती, उंट, बैल, बाजार, सगळं. ते शहर एका डोंगरापाशी महिनोन् महिने बांधून ठेवायचं, भोवतीचा दाणागोटा तोडायचा, येणारे तांडे लुटायचे. पावसाळा तोंडावर आला की किल्ला चांगली किंमत घेऊन सोडायचा. विशाळगड जून १७०२ मध्ये सोडला तो दोन लाख रुपये घेऊन. खेळात याला ‘पराभव’ म्हणतील. पण त्यानंतर बादशाही फौज भर पावसात सह्याद्रीतून परत निघाली. तीसेक मैलांच्या वाटेला महिन्याहून जास्त काळ लागला, जनावरं वाहून गेली, माणसं गेली, तंबू चिखलात राहिले. पुढे हेच किल्ले मराठ्यांनी एकेक करून परत घेतले. किल्ला देणं हा इथे बचावाचा डाव होता, आणि त्या डावात खरा हल्ला केला तो पावसाने आणि चिखलाने. ज्या खेळात वर्षाला फक्त उन्हाळा आणि हिवाळा आहेत, तिथे हा डाव मांडताच येत नाही. सह्याद्रीतल्या युद्धाचा खेळ केला आणि पावसाळा ठेवला नाही! याला मी समीक्षकाच्या भाषेत मोठा दोष म्हणेन. वऱ्हाडी माणूस म्हणेल, ‘काय राजा, मुख्य पाहुणाच बोलावला नाही!’ (हशा)

त्याआधीचं एक उदाहरण घ्या, १६९५ चं. आजच्या कर्नाटकात, चित्रदुर्गाजवळ दोड्डेरी नावाचं ठिकाण आहे. संताजी घोरपड्यांनी कासिम खानाच्या मोगली फौजेला झोडपून तिथल्या लहानशा गढीत कोंडलं. गढीत भिंत होती, तोफा होत्या, नामांकित सरदार होते. खेळाच्या नियमाने बचाव मजबूत. पण गढीत दाणा किती? थोड्या दिवसांत तो संपला. जनावरांना घरांवरचं छप्पर काढून घालायची पाळी आली. कासिम खान तिथेच मेला, बाकीच्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. जी भिंत संरक्षण देते तीच कोंडूनही ठेवते. यांतलं ती काय करणार, हे भिंतीची जाडी ठरवत नाही, आतलं कोठार ठरवतं.

आपल्या जुन्या लोकांना हे नीट माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गात काय काय साठवावं याची लांब यादी आहे : तेल, धान्य, मीठ, औषधं, वाळलेल्या भाज्या, वैरण, जळण. आणि वर सूचना, की जुनं वापरत जावं आणि त्या जागी नवं भरत जावं. दुकानदाराला हे सांगावं लागत नाही, सेनापतीला सांगावं लागतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांचं प्रकरण आहे. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ, म्हणजे तो सगळा लढा अंगावर घेतलेल्या माणसाने मागाहून शांतपणे केलेला विचार. त्यात शौर्याचं वर्णन शोधायला जाल तर फारसं सापडणार नाही. तो सांगतो पाण्याबद्दल. गड बांधण्याआधी पाणी बघा. एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी खोदा, साठा ठेवा. दारूचं कोठार घरांपासून दूर ठेवा. गडावर झाडं लावा, वेळेला लाकूड लागेल. कचरा गडाखाली टाकू नका, जाळून त्याची राख परसात घाला, भाजी पिकवा. राज्य वाचवलेला माणूस भाजीबद्दल बोलतो, मंडळी.

आता आपल्या नागपूरची कसोटी लावू. सीताबर्डीच्या दोन टेकड्या आपण रोज बघतो. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी रेसिडेंट जेन्किन्स याच्याकडे सुमारे तेराशे माणसं होती. समोर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य अठरा हजारांच्या आसपास. आजचा किल्ला तेव्हा नव्हता, नुसत्या टेकड्या. हा प्रसंग कोणत्याही युद्धखेळात छान बसेल : उंचवटा, मोजकी कवायती फौज, चढून येणारा मोठा जमाव, रात्रभर गोळीबार. सकाळी लहान टेकडीवर एका दारूगाड्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात भोसल्यांच्या अरबांनी ती टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ घेऊन धडक मारली. पुढे अरबांच्याच बाजूला दारूचा स्फोट झाला, त्या गडबडीत कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली, आणि दुपारपर्यंत लढाई संपली. दारूगाडा कुठे उभा करावा, हा अमात्यांचा घरगुती वाटणारा नियम इथे एकाच सकाळी दोन्ही बाजूंना आठवला असेल!

पण माझा प्रश्न पुढचा आहे. सीताबर्डीला काळ कोणाच्या बाजूने होता? शहर भोसल्यांचं, बाजार त्यांचा, धान्य त्यांचं. टेकडीवरची फौज तोडलेली. दोड्डेरीचा न्याय लावला तर थांबण्यात फायदा भोसल्यांचा. पण कंपनीच्या तुकड्या वाटेवर होत्या. २९ नोव्हेंबरला पहिली कुमक पोचली, १२ डिसेंबरला जनरल डव्हटन आला. म्हणजे काळ कंपनीच्या बाजूने होता, कारण दूरवरची ठाणी आणि फौजा जोडणारी व्यवस्था तिच्याकडे होती. टेकडीची उंची तीच, माणसं तीच. ‘थांबावं की चढावं’ याचं उत्तर टेकडीवर नव्हतंच, ते रस्त्यावर होतं. म्हणून म्हणतो, बचावाचा विचार आणि रसदेचा विचार हे दोन वेगळे धडे करून शिकवता येत नाहीत.

सगळेच खेळ असे आहेत का? नाही, आणि न्याय केला पाहिजे. त्याच कंपनीच्या पुढच्या ‘नेपोलियन’मध्ये, २०१० साली, बर्फात आणि वाळवंटात सैन्य झिजू लागलं. २०११ चा ‘युनिटी ऑफ कमांड’ तर जवळजवळ पूर्ण रसदेवर उभा आहे. विषय स्टालिनग्राडची मोहीम. रेल्वेमार्गावरून रसद येते, तिची पोच ठरावीक अंतरापर्यंत, आणि ती तुटली की तुकडी पाळीगणिक दुबळी होते. समोरून धडका मारणारा खेळाडू हरतो, मागची वाट कापणारा जिंकतो. म्हणजे इथे ‘नसणं’ काम करतं. माझ्या परीक्षेत हा खेळ उत्तीर्ण, तोही चांगल्या गुणांनी. खऱ्या स्टालिनग्राडला वेढलेल्या जर्मन सहाव्या सैन्याला दिवसाला किमान तीनशे टन हवे होते, विमानांनी सरासरी शंभराच्या आसपास पोचवले. ही वजाबाकी त्या खेळातल्या मुलाला कळते.

उलट टोकही आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ नावाचा पटावरचा खेळ निघाला. त्यात इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जास्त पाणी द्यावं, असा नियम होता! लोक अजून हसतात. पण मला वाटतं, त्या थट्टेत निदान एवढी कबुली आहे की सैनिक जेवतो. अर्थात सगळं मोजलं की खरं झालं, असं मुळीच नाही. इतकं मोजलं की खेळाडू कारकून होतो. खेळाने काय सोडावं याचा विवेक हवा. मात्र जे सोडल्याने युद्धाचा अर्थच उलटतो, ते सोडू नये.

आणि एक गोष्ट अशी आहे जी हे चांगले खेळही सोडतात. न लढणारी माणसं. पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते : यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी, सेवेकरी. प्रत्येकाला तोंड होतं. धान्य वाहणारे वंजारी होते, ज्यांच्या बैलांवर दक्षिणेतली आणि उत्तरेतली प्रत्येक मोठी फौज चालली. खेळात ते कुठे आहेत? नकाशावर बाण आहे, बाणाखालचा माणूस नाही. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरने अलेसियाला वेढा घातला तेव्हा आतल्या लोकांनी धान्य वाचवायला बायकामुलांना गावाबाहेर काढलं. सीझरने त्यांना आत घेतलं नाही, वाटही दिली नाही. दोन फौजांच्या मध्ये ती माणसं राहिली. बचावातला खरा कठीण प्रश्न हा आहे : दाणा संपत आला, आधी कोणाला द्यायचा? तोफेच्या गोलंदाजाला, की त्याच्या मुलाला? ज्या खेळात फक्त लढणारेच आहेत, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि रसद हा नुसता गणिताचा विषय होतो. मुळात तो नीतीचाही विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, खेळावाल्यांना काय बोलता, आपण स्वतः काय करतो? बरोबर आहे. आपल्या व्याख्यानांत, आपल्या सिनेमांत पानिपत कसं येतं? तलवारी, डरकाळ्या, घोडे, शेवटी अश्रू. दाण्याचा हिशोब दोन वाक्यांत. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी पानिपतावर आयुष्य घातलं, पण सभेला टाळ्या लागतात त्या डरकाळीला. परदेशी कंपनीने मराठ्यांना रसद दिली नाही ही तक्रार करताना आपणही त्यांना ती दिलेली नाही, हे ध्यानात असू द्या. आणि याची किंमत आज मोजावी लागते. सीमेवर काही झालं की चौकाचौकांत, फोनाफोनांवर लोक युद्ध मागतात. मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रणगाडा असतो. त्यामागचा डिझेलचा टँकर, उंचावरच्या चौकीपर्यंत रॉकेल नेणारा हमाल, आणि सीमेजवळच्या गावातून बोचकं घेऊन निघालेली म्हातारी नसते. हे सगळं खेळामुळे झालं, असा आरोप मी करत नाही. पण न दिसण्याची सवय लागते, आणि ती सवय लावणाऱ्यांत खेळ आहेत, तसे आपणही आहोत.

म्हणून आईवडिलांना आणि विशेषतः शिक्षकांना माझी सूचना अशी, की मुलांचा खेळ बंद करू नका. शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. हे सैन्य आज काय जेवलं आणि ते कुठून आलं? थांबलो तर कोणाचं नुकसान, आणि का? या नकाशावर न लढणारी माणसं कुठे आहेत? खेळात उत्तर नसेल तर मुलाला इतिहासाचं पुस्तक उघडावं लागेल, आणि तसं झालं तर त्या खेळाने मोठं काम केलं म्हणायचं. ज्या मुलांना संगणकाची भाषा येते, त्यांना तर सांगेन, दोड्डेरीचा खेळ करा. लहान नकाशा, एक गढी, मोजकं धान्य, वर पाऊस. खर्च फार नाही. आपल्या शहरात इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कोणीतरी करेल. केलात तर मला बोलवा, मी कासिम खानाच्या बाजूने खेळेन.

आता प्रश्न असतील तर विचारा.